ट्रेलरच्या जिभेचं वजन

...आणि वर लोक विचारतात, अरे पण तुला फसवलं कोणी ते तर सांग! अहो, तेच तर दुखणं आहे ना केदारचं! फसवणाऱ्याला एक चेहरा असला की बरं असतं हो. माणूस त्याला चार शिव्या घालतो, मंडळाच्या पिकनिकला त्याच्याकडे पाठ करून बसतो, मोकळा होतो. इथे पाठ करायची कोणाकोणाकडे? गाडी विकणारा खरं बोलला, ट्रेलर विकणारा खरं बोलला, मित्र खरं बोलला, बायको खरं बोलली, पोटची पोरगी खरं बोलली... आणि तरी तुम्हाला सांगतो, मार्चपासून जुलैपर्यंत इथे अमेरिकेत, अख्ख्या वेस्ट विंडसरमध्ये केदार वैरागडेइतका फसलेला माणूस दुसरा नव्हता. खोटं कोणी बोललं नाही हो! एकसुद्धा माणूस खोटं बोलला नाही!

आता केदार म्हणजे कोण, तर नागपूरचा, वीस वर्षं इथे, आयटीत. माणूस इतका सरळ की रिकाम्या पार्किंगमध्येसुद्धा इंडिकेटर देतो. घरात बायको पद्मिनी, ती पुण्याची, म्हणजे बोलायला कमी नाही. मुलगी केया, अठराची, ऑगस्टमध्ये पिट्सबर्गला कॉलेजला जाणार. मुलगा कुश, अकराचा. आणि नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा. आई म्हणजे शोभनाकाकू. बाबा म्हणजे मनोहरकाका, वजनमापे खात्यातले रिटायर्ड निरीक्षक. छत्तीस वर्षं चंद्रपूर-नागपूरकडच्या किराणा दुकानांत शिरून, तराजूच्या पारड्याखाली बोट घालून, तिथे चिकटवलेली चिंच शोधून काढणारा माणूस! काका अजूनही इथल्या इंडियन स्टोअरमध्ये भेंडी तोलायला ठेवली की आधी रिकाम्या काट्याकडे बघतात, तो शून्यावर आहे का म्हणून. पद्मिनीला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तर केदारच्या डोक्यात मार्चमध्ये एक किडा शिरला. किडा काय, चांगलाच विचार होता बिचाऱ्याचा. की बाबा, पोरगी चालली. हा शेवटचा उन्हाळा. यानंतर ती पाहुणी. आणि आजवर जिथे जिथे गेलो तिथे हॉटेलात दोन खोल्या, एकीत हा आणि कुश आणि बाबा, दुसरीत बायकामंडळी, सकाळी नाश्त्याला भेटायचं आणि एकमेकांना विचारायचं, झोप लागली का? हे काय एकत्र जाणं झालं? म्हणून ठरवलं, ट्रेलर घ्यायचा. चाकांवरचं घर! गाडीच्या मागे लावायचं, तळ्याकाठी न्यायचं, सहाच्या सहा जण एका छपराखाली. एकदाच. केया जायच्या आधी.

विचारलं कोणाला? मित्राला, देवांगला. देवांगकडे ट्रेलर आहे, दरवर्षी त्याचे फोटो येतात, शेकोटी काय, मार्शमेलो काय, हातात कप घेऊन क्षितिजाकडे बघणं काय. देवांग म्हणाला, "अरे घे ना यार! बिनधास्त घे! मी सव्वीस फुटी ओढतो, कळतसुद्धा नाही मागे काही आहे म्हणून. तुझी गाडी किती ओढते?" केदारने गाडी जिथून घेतली तिथे फोन केला. तिथला माणूस आनंदाने म्हणाला, "सर, अप टू फाइव्ह थाउजंड पाउंड्स!" पाच हजार! केदारने फ्रिजवर कागद लावला, पाच हजार. मग तो गेला ट्रेलरच्या डीलरकडे, पेनसिल्व्हेनियात. तिथे एक उंच, लाल चेहऱ्याचा, पट्ट्याला मोठं बक्कल लावलेला सेल्समन. त्याने विचारलं, "किती ओढते?" केदार छाती काढून म्हणाला, "पाच हजार." तो म्हणाला, "दॅट्स अ ग्रेट व्हेइकल, सर!" आणि सरळ सव्वीस फुटी ट्रेलरसमोर नेऊन उभा केला. आत दोन मजली बंक, सोफा, ओटा, अव्हन, बाथरूममध्ये आरसा! वजन? चार हजार तीनशे. छापलेलंच होतं कागदावर. पाच हजारांतून चार हजार तीनशे गेले, सातशे शिल्लक! आणखी काय पाहिजे?

बाबा सोबत होते. बाबांनी ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून चाकं बघितली आणि इतकंच विचारलं, "वजन केलं कोणी याचं?"

"बाबा, छापलंय ना!"

"छापलं कोणी?"

"बाबा, ही अमेरिका आहे. इथे कागदावर लिहिलेलं खरं असतं."

आणि गंमत बघा, खरंच होतं! कागद खरा होता, देवांग खरा होता, तो बक्कलवाला खरा होता. खोटं कोणी बोललं नाही हो!

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी केदार, बाबा आणि कुश ट्रेलर आणायला गेले. बक्कलवाल्याने जोडून दिला, ब्रेकची वायर लावून दिली, हात मिळवला, फोटो काढला. गाडीचं ढुंगण खाली बसलं होतं आणि नाक वर, म्हणजे गाडी आभाळात विमान शोधतेय असं दिसत होतं. पण केदारला वाटलं, असंच असतं असेल. माणूस नवीन कपड्यात कसाही दिसला तरी आपण म्हणतो ना, सवय नाही म्हणून!

पहिली दहा मैलं मजेत. मग हायवे. आणि हायवेला डावीकडून गेला एक अठरा चाकी ट्रक... तुम्हाला सांगतो, ट्रक नुसता बाजूने गेला, शिवला नाही, हॉर्न नाही, काही नाही, आणि मागचा ट्रेलर डुलायला लागला. आधी थोडा. मग जास्त. शेपूट कुत्र्याला हलवतं असं म्हणतात ना, तसं! मागून ती सव्वीस फुटांची भिंत डावीकडे जाते तर गाडी उजवीकडे, भिंत उजवीकडे तर गाडी डावीकडे, केदारच्या हातात स्टिअरिंग आहे पण ते फक्त धरायला, चालवतोय ट्रेलर! कुश मागून ओरडला, "डॅड! डॅड! स्लो डाउन!" बाबांनी डॅशबोर्डला दोन्ही हात लावले आणि भीमरूपी सुरू केलं. केदारने ब्रेकवर पाय दाबला नाही, नुसता ॲक्सिलरेटर सोडला. ही अक्कल त्याला कुठून आली देव जाणे, कारण अशा वेळी ब्रेक दाबला की संपलं. गाडी हळू झाली, डुलणं कमी झालं, आणि कडेला जाऊन थांबली. आरशात कुश दिसत होता, पांढराफटक, दोन्ही हातांनी सीटबेल्ट धरून.

मग बाबा हळूच म्हणाले, "केदार, वजन कर बाप्पा."

घरी आले ते पंचेचाळीसच्या स्पीडने, आतल्या रस्त्यांनी, मागे बावीस गाड्यांची वरात घेऊन. आल्या आल्या केदारने देवांगला फोन लावला. "अरे तू म्हणालास कळतसुद्धा नाही!" देवांग म्हणाला, "हो मग! मला नाही कळत." "का नाही कळत?" "अरे माझा पिकअप ट्रक आहे ना यार, मोठ्यातला, थ्री-क्वार्टर टन! तुला माहितेय की!" माहीत होतंच की केदारला! त्याच ट्रकमधून त्याने स्वतःचा सोफा आणला होता! मग देवांगने विचारलं, "तुझा टंग वेट किती येतोय? आणि पेलोड किती आहे?" केदार म्हणाला, "म्हणजे काय?"

तर म्हणजे काय, ते तुम्हालाही सांगतो, कारण उद्या तुमच्याही डोक्यात किडा शिरेल. गाडी ओढू किती शकते, हा एक आकडा. तो सगळे सांगतात. पण ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही हो, त्याचा पुढचा दांडा गाडीच्या पाठीवर टेकलेला असतो. त्या दांड्याला म्हणायचं टंग, म्हणजे जीभ. तिचं वजन गाडीने पाठीवर घ्यायचं. आणि पाठीवर एकूण किती घेता येतं, हा दुसरा आकडा, तोच पेलोड. त्यात जीभ आली, डिकीतलं सामान आलं आणि गाडीत बसलेली माणसं आली. शोभनाकाकूंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे ट्रेलरच्या जिभेचं वजन?" आणि पद्मिनीकडे न बघता पद्मिनीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आपल्या घराला ते नवीन नाही."

हा दुसरा आकडा लिहिलेला कुठे असतो माहितेय? ड्रायव्हरचं दार उघडलं की आत कडेला, एका पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर! चार वर्षं! चार वर्षं केदार दिवसातून चारदा ते दार उघडत होता आणि बंद करत होता, आणि ते स्टिकर तिथे बसून त्याच्याकडे बघत होतं. माणसं आणि सामान मिळून अकराशे नव्वद पौंडांच्या वर जाऊ नये. इतकं स्वच्छ! आणि गाडीच्या पुस्तकात मागे, बारीक अक्षरात, की ते पाच हजार म्हणजे गाडीत फक्त दोन माणसं धरून, दीडशे दीडशे पौंडांची. आणि ट्रेलरच्या कागदावर, वजनाच्या शेजारी, ड्राय. ड्राय म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हा. बॅटरी नाही, गॅसचे सिलिंडर नाहीत, पाणी नाही, चमचासुद्धा नाही. नुसत्या चाळीस गॅलन पाण्याचे तीनशे तीस पौंड! सगळं लिहिलेलं होतं. खोटं कोणी बोललं नाही हो!

आता आली पाळी माणसांचं वजन करायची. बाबांनी सूत्रं हातात घेतली. बाथरूममधला काटा आणला, हॉलच्या फरशीवर ठेवला, त्यावर पाच पौंडांची साखरेची पिशवी ठेवून आधी काटाच तपासला. मग कुश, ब्याण्णव. केया, एकशे अठरा. बाबा स्वतः, एकशे साठ. पद्मिनी म्हणाली, "माझं धरा एकशे पंचवीस." बाबा म्हणाले, "सूनबाई, धरायचं नसतं. काट्यावर यायचं." "बाबा, मी सांगतेय ना!" "सराफसुद्धा सांगत होते मला." काटा म्हणाला एकशे एकोणचाळीस. पद्मिनी म्हणाली, "काट्यात काहीतरी आहे," आणि बाबांनी छत्तीस वर्षांच्या सवयीने नुसतं "हं" म्हटलं. हे वाक्य त्यांनी चंद्रपूरच्या प्रत्येक दुकानात ऐकलं होतं. शोभनाकाकू तर चढेचनात. "पंचेचाळीस वर्षं संसार केला यांच्यासोबत, कधी वजन विचारलं नाही, आता परक्या मुलखात येऊन विचारून राहिले!" शेवटी त्यांना एकटीला खोलीत काटा दिला, दार लावलं, आणि आतून आवाज आला, "एकशे बावन्न. पण साडीसकट."

आणि सगळ्यात जड कोण निघालं? स्वतः केदार. एकशे अठ्ठ्याण्णव.

बेरीज झाली आठशे एकोणसाठ. वर भरलेल्या ट्रेलरची जीभ, सहाशे तीसच्या आसपास. म्हणजे बॅग नाही, डबा नाही, पाण्याची बाटली नाही, तरी गाडी तीनशे पौंडांनी जास्त. केदार म्हणाला, "हा हिशोब झाला बाबा. प्रत्यक्षात कदाचित..." आशा हो! माणसाची आशा! बाबा म्हणाले, "प्रत्यक्षातच बघू. इथे धर्मकाटा आहे का कुठे?"

असतो की. बॉर्डनटाउनजवळच्या ट्रक-स्टॉपवर ट्रक तोलायचा मोठा काटा आहे, कोणीही जावं, गाडी चढवावी, चिठ्ठी घ्यावी. म्हणून जूनच्या तिसऱ्या रविवारी, केयाचं शाळेचं ग्रॅज्युएशन झाल्यावर, रंगीत तालीम ठरली. तळ्याकाठची जागा अकरा जुलैपासूनची मिळाली होती. त्या खऱ्या ट्रिपला निघतो तसंच सगळं भरायचं, सगळ्यांनी बसायचं, आणि आतल्या रस्त्यांनी हळूहळू काट्यावर जायचं. फादर्स डे होता त्या दिवशी. लोक बापाला ब्रंचला नेतात, केदारने बापाला काट्यावर नेलं. आणि बाबा इतके खूश! इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन. ट्रकवाल्यांच्या रांगेत उभं राहून चिठ्ठी स्वतः आणली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचली. मग वरून खाली परत वाचली.

"पाचशे ऐंशी जास्त," बाबा म्हणाले.

"पाचशे ऐंशी?" केदार किंचाळला. "हिशोबात तीनशे होते! वरचे दोनशे ऐंशी कुठून आले?"

आणि मग तुम्हाला सांगतो, त्या ट्रक-स्टॉपच्या पार्किंगमध्ये, भर दुपारी, दोन ट्रकांच्या मध्ये, वैरागडे कुटुंबाची झडती झाली. शोभनाकाकूंच्या सीटखालून निघाला लोखंडी खलबत्ता. "अरे मग ठेचा काय मिक्सरात करू? जंगलात?" सोबत ज्वारीचं पीठ आणि तीन कुकर, एक भाताचा, एक वरणाचा आणि एक असू द्या. पद्मिनीकडून निघाला ऑफिसचा मॉनिटर, सत्तावीस इंची. "मी सुट्टी घेतलीच कुठे? मी म्हटलं होतं, मी येईन. सुट्टी घेईन असं म्हटलं होतं का?" नव्हतं म्हटलं! कुशच्या पायाशी बादलीभर दगड. "दे आर नॉट रॉक्स, डॅड, दे आर स्पेसिमेन्स." आणि डिकीतून, अगदी आतून निघाला जनरेटर, टूलबॉक्स, दोन बिडाचे तवे, लाकडाचे ठोकळे, कुऱ्हाड. हे कोणाचं? सगळ्यांनी केदारकडे बघितलं. केदार म्हणाला, "देवांगच्या लिस्टमध्ये होतं."

सगळं जमिनीवर मांडलं. ट्रकवाले येता-जाता बघत होते, एकाने खलबत्त्याची चौकशीसुद्धा केली. केदार प्रत्येकाची बॅग मोजत होता, आईची ही, बाबांची ही, कुशची दोन, पद्मिनीच्या... असो. आणि मग तो थांबला.

"केया, तुझी बॅग कुठाय?"

केया गाडीला टेकून उभी होती. म्हणाली, "आय डिडंट पॅक वन."

"अगं, खऱ्यासारखं भरायचं होतं ना सगळं!"

"डॅड... खऱ्यासारखंच आहे." तिचं मराठी असं मधेच येतं, आणि आलं की लागतं. "माझा समर प्रोग्रॅम सहा जुलैला सुरू होतोय. पिट्सबर्गला. आय टोल्ड यू. इन एप्रिल."

"एप्रिलमध्ये? कधी? मला कधी सांगितलंस?"

"ट्वाइस. एकदा तू बंक बेडचे व्हिडिओ बघत होतास. यू सेड, हो हो, बघू."

केदारने पद्मिनीकडे बघितलं. पद्मिनी म्हणाली, "तिने फॉर्म माझ्यासमोर भरला. मला म्हणाली डॅडला सांगितलंय. मला वाटलं तू तारखा पुढेमागे करतोयस." केदारने आईकडे बघितलं, आई पदराशी खेळायला लागल्या. म्हणजे आईलाही माहीत! कुशकडे बघितलं, कुश दगडांकडे बघत होता. कुशलाही! अख्ख्या घराला माहीत होतं, आणि तो एकटा रोज फ्रिजवरच्या कागदापुढे उभा राहून सहा जणांच्या झोपायच्या जागा आखत होता. खोटं कोणी बोललं नाही हो... पोरीने दोनदा सांगितलं होतं. तोंडावर सांगितलं होतं.

तो ट्रेलरच्या पायरीवर बसला. कोणावर चिडणार? देवांगवर चिडला होता, बक्कलवाल्यावर चिडला होता, स्टिकरवरसुद्धा चिडला होता. आता चिडायला माणूसच उरला नव्हता, एक सोडून. केया येऊन शेजारी बसली. पायरी अरुंद, दोघं मावत नव्हते, तरी बसली. म्हणाली, "आय वॉन्टेड टू कम, डॅड. आय जस्ट... तू इतका हॅपी होतास. मला तिसऱ्यांदा सांगता नाही आलं." केदार म्हणाला, "मी दुसऱ्यांदासुद्धा ऐकलं नाही गं." एवढंच. मग दोघंही समोर खलबत्त्याकडे बघत बसले.

आणि या सगळ्यात बाबा! बाबा चिठ्ठी हातात घेऊन, ओठ हलवत, उभे. पाच मिनिटांनी म्हणाले, "केया नाही आली तरी चारशे बासष्ट जास्त आहे."

"बाबा!" पद्मिनी ओरडली. "आत्ता?"

"आत्ताच. पोरीला घरी ठेवून काटा जमत नाही, हे मी सांगून राहिलो. माणसं कमी करत बसू नका. ट्रेलर लहान करा."

तर पुढच्या शनिवारी परत पेनसिल्व्हेनिया. पंचेचाळीसच्या स्पीडने, आतल्या रस्त्यांनी, रिकामा ट्रेलर, आणि गाडीत फक्त बापलेक. बक्कलवाला धावत आला. अजिबात वाईट वाटून घेतलं नाही त्याने, उलट म्हणाला, "नो प्रॉब्लेम सर, लोक बदलतात, रोज बदलतात!" आणि सरळ एका बावीस फुटीपाशी घेऊन गेला. "हा परफेक्ट! ओन्ली थर्टी-सिक्स हंड्रेड!" केदारने तोंड उघडलं, पण बाबांनी हात वर केला. आणि मग मनोहरकाकांचं इंग्लिश सुरू झालं. छत्तीस वर्षं व्यापाऱ्यांशी झगडलेलं इंग्लिश!

"मिस्टर. धिस थर्टी-सिक्स, ड्राय ऑर फुल?"

"दॅट्स द ड्राय वेट, सर."

"ड्राय नो. हू लिव्ह्स ड्राय? यू लिव्ह ड्राय? टेल मी फुल. मॅक्झिमम. वॉटर, गॅस, कुकर, एव्हरीथिंग."

बक्कलवाला हसला, मग हसायचा थांबला, मग कागद शोधायला लागला. फुल निघालं चार हजार आठशे. "नेक्स्ट," बाबा म्हणाले. वीस फुटी. "फुल किती? जीभ किती? टंग, टंग! शो मी टंग!" कुठल्याही सभ्य माणसाला कोणी असं म्हटलं तर तो काय समजेल, पण बक्कलवाला मुकाट्याने पट्टी आणि कागद घेऊन बाबांच्या मागून फिरत होता. दीड तास. सात ट्रेलर. केदार शिकायचं ते सगळं त्या दीड तासात शिकला. की आधी स्वतःच्या गाडीचं दार उघडायचं. त्या आकड्यातून आधी माणसं वजा करायची, खरी माणसं, खऱ्या वजनाची. राहील तेवढ्यात जीभ बसली पाहिजे. आणि मग, सगळ्यात शेवटी, बघायचं आत सोफा आहे की नाही. त्याने उलटं केलं होतं, आधी सोफा बघितला होता.

शेवटी अठरा फुटी मिळाला. एका टोकाला पलंग, एका टोकाला दोन बंक, मधलं टेबल खाली पाडलं की आणखी एक जागा. पाच जण झोपतात, एकमेकांशी भांडण नसेल तर. भरून साडेतीन हजार. पाच माणसं, जीभ, सगळं धरून गाडी साठ पौंडांनी आत. बक्कलवाल्याने बाबांना विचारलं, "सर, आर यू इन द बिझनेस?" बाबांनी शर्टाच्या खिशातलं पेन सारखं केलं आणि म्हणाले, "रिटायर्ड." येताना हायवेने आले. डावीकडून ट्रक गेला, मग दुसरा गेला, ट्रेलरने नुसती मान हलवली. केदारचे खांदे घरी येईपर्यंत कानाला लागलेले होते, पण आले.

सहा जुलैला केयाला पिट्सबर्गला सोडलं. गाडीनेच, ट्रेलर न लावता. तिच्या सामानाचं वजन कोणी केलं नाही. बाबांनीसुद्धा नाही.

आणि अकरा जुलैला हे पाच जण निघाले. पेनसिल्व्हेनियातलं एक तळं, भोवती झाडी, जागेचा नंबर सत्तेचाळीस. ट्रेलर रिव्हर्समध्ये लावायला केदारला पन्नास मिनिटं लागली. पद्मिनी मागून "डावीकडे, अरे माझ्या डावीकडे!", बाबा पुढून "येऊ दे, येऊ दे", शेजारच्या जागेवरचं म्हातारं गोरं जोडपं खुर्च्या वळवून सिनेमा बघावा तसं बघत होतं. लागला एकदाचा. पाणी जोडलं, वीज जोडली, लेव्हल बघितली, चाकांना ठोकळे लावले, छत्री उघडली. शेजारचे आजोबा उठून आले, गाडी बघितली, ट्रेलर बघितला, मधला जोड बघितला, आणि म्हणाले, "यंग मॅन, या अख्ख्या पार्कात गाडीला शोभेल असा ट्रेलर फक्त तुझा आहे." चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी केदारला चांगलं म्हटलं हो! तो सांगायला वळला, तर सगळे आत, केयाच्या व्हिडिओ कॉलवर. तिला बंक दाखवत होते.

मग सगळे बाहेर आले. केदारने खुर्च्या मांडल्या, सवयीनं सहा आणल्या होत्या. शोभनाकाकूंनी सहाव्या खुर्चीवर पाय पसरले. समोर तळं. झाडं. एक बदक इकडून तिकडे गेलं, आणि तिकडून इकडे आलं. दुपारचे अडीच वाजले होते.

कुश म्हणाला, "ओके... सो व्हॉट डू वी डू नाउ?"

सगळ्यांनी केदारकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, केदारने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की हे त्याला माहीत नाही. मार्चपासून एकशे चाळीस व्हिडिओ बघितले, सात ट्रेलरांच्या जिभा मोजल्या, घरातल्या प्रत्येक बाईमाणसाला काट्यावर चढवून त्यांचे शाप घेतले, पण पोचल्यावर करायचं काय, हे त्याने कोणाला विचारलंच नव्हतं! आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

"बसायचं," केदार म्हणाला.

"बसायचं?" पद्मिनी म्हणाली. "बसायला एवढ्या लांब?"

केदारने बदकाकडे बघितलं. "हो," तो म्हणाला. "आणि उद्या पण."